माग्निफिकात आळीपाळीने गाताना या चुका टाळा

माग्निफिकात हे व्हेस्पर्सच्या (चर्चमधल्या संध्याकाळच्या) उपासनेतलं मरियेचं लॅटिन स्तोत्र. मूळ १० वचनं आणि शेवटच्या त्रैक्य-स्तुतीची २, अशी १२. सोळाव्या शतकात यातली निम्मीच वचनं पॉलिफनीत (एकाच वेळी अनेक स्वतंत्र आवाजांत) बांधायची आणि उरलेली प्लेनसाँगमध्ये (एकाच सुरावटीत, सगळ्यांनी मिळून) गायची, ही सर्रास पद्धत होती. स्पॅनिश संगीतकार व्हिक्टोरियाच्या १५८१ च्या रोममधल्या संग्रहात तर आठही टोनसाठी (प्लेनसाँगच्या ठरलेल्या आठ चालींसाठी) सम आणि विषम वचनांची वेगवेगळी माग्निफिकात आहेत.

आजच्या प्रतींत पुष्कळदा पॉलिफनीच छापलेली असते. मग कॉयर ती सलग गातो आणि अर्धं स्तोत्र गळतं. म्हणून आधी पहिला शब्द बघा. ‘एत एक्सुल्तावित’ असेल तर रचना सम वचनांची. पहिलं वचन पूर्ण प्लेनसाँगचं. ‘आनिमा मेआ’ असेल तर रचना विषम वचनांची: एकट्या गायकाने आधी फक्त ‘माग्निफिकात’ म्हणायचं, आणि शेवटचं, बारावं वचन ‘सिकुत एरात’सुद्धा प्लेनसाँगमध्येच.

सगळ्यात जास्त गडबड पॉलिफनी आणि प्लेनसाँगच्या सांध्यावर होते. पहिल्या टोनचं उदाहरण घ्या. पॉलिफनी बरेचदा डी वर थांबते आणि त्या शेवटच्या कॉर्डमध्ये एफ शार्प असतो. पुढचं प्लेनसाँग मात्र साध्या एफ पासून उठतं: एफ, जी, ए. कानात शार्प घुमत असतो, म्हणून गायक तोच पकडतो आणि सगळी ओळ बिघडते. उपाय सोपा आहे. बेसचा डी धरा आणि त्यावरचा मायनर थर्ड (म्हणजे साधा एफ) मनात म्हणून मगच तोंड उघडा. तालमीत फक्त हे सांधेच, शेवटची दोन मापं आणि पुढचे तीन स्वर, पुन्हा पुन्हा घ्या. माग्निफिकातमध्ये ही सुरुवातीची उठावणी प्रत्येक वचनाला असते. साध्या स्तोत्रासारखी ती पहिल्यापुरती ठेवू नका.

मूळ प्रतीत उंच क्लेफ (ओळीवरचे स्वर ठरवणारी चिन्हं) असतील तर पॉलिफनी सहसा चौथ्या किंवा पाचव्या स्वराइतकी खाली घेतात. प्लेनसाँगही तेवढंच खाली आलं पाहिजे; हे हमखास विसरलं जातं.

प्लेनसाँगला ठोके मोजू नका, लॅटिन बोलावं तसं म्हणा. वचनाच्या मधल्या तारकाचिन्हाशी (*) सगळ्यांनी एकत्र थांबा. प्लेनसाँगला तीन-चार आवाज पुरेत.

आणि शेवटच्या पॉलिफनी वचनात पुष्कळदा एक-दोन आवाज वाढतात. माणसं आधीच नेमून ठेवा.