नाशिकमध्ये खास जेवणासाठी हॉटेल निवडताना: आधी माणसं, मग टेबल, मग नाव

आई-वडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, लेकीच्या निकालाचं जेवण, व्याह्यांची पहिली भेट. अशा वेळी बहुतेक घरांत सुरुवातच उलटी होते. आधी कुणीतरी हॉटेलचं नाव काढतं, ग्रुपवर सगळे अंगठे दाखवतात, आणि दारात पोचल्यावर कळतं की जेवायची जागा पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही आणि आजींचे गुडघे दुखताहेत. माणशी दीड-दोन हजार मोजायचे असतील तर आधी अर्धा तास कागद-पेन घेऊन बसणं परवडतं.

कागदावर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहा. नावापुढे चार गोष्टी: काय खात नाही, किती पायऱ्या चढू शकतो, रोज किती वाजता जेवतो आणि कुठून येणार. आता या यादीतलं सगळ्यात अडचणीचं नाव शोधा आणि हॉटेल त्या माणसाच्या सोयीनं निवडा. बाकीचे कुठेही जेवतील. जैन जेवणारे काका, साडेसातला जेवून गोळी घेणारी आजी, दीड वर्षाचं बाळ यांची सोय झाली की संध्याकाळ निभावतेच.

चौथा मुद्दा नाशिकमध्ये फार महत्त्वाचा. निम्मं घर नाशिक रोडला आणि निम्मं गंगापूर रोडला असेल, तर गंगापूर-सावरगाव रस्त्यावरची वायनरी एका बाजूला जवळ आणि दुसऱ्या बाजूला संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून तासाभराची. अशा वेळी मुंबई नाक्याच्या आसपासची जागा सगळ्यांना मधली पडते.

शहरातल्या महागड्या जागांचे ढोबळमानाने तीन प्रकार. एक, मुंबई-आग्रा महामार्गालगत, अंबड-पाथर्डी फाट्याकडे आणि मुंबई नाक्याला असलेली तारांकित हॉटेलं. पार्किंग, लिफ्ट, स्वच्छ टॉयलेट, व्हीलचेअर यांची खात्री इथे सर्वात जास्त, म्हणून घरात म्हातारी माणसं असतील तर आमचं पहिलं मत यांनाच. दोन, कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरची स्वतंत्र रेस्टॉरंट. जेवण बऱ्याचदा तारांकित हॉटेलांपेक्षा चवदार, पण आवाज जास्त आणि पार्किंगची मारामार. तीन, द्राक्षबागांमधली रेस्टॉरंट: सुला, यॉर्क अशी शहराजवळची, नाहीतर इगतपुरीकडे संजेगाव परिसरातली. इथे पैसे मोजायचे ते बागेसाठी आणि मावळत्या सूर्यासाठी. म्हणून रात्री नऊला तिथे पोचणं म्हणजे अंधारात महाग जेवणं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे-जूनमध्ये सातनंतर. त्याच्या तासभर आधी खुर्चीवर बसलेलं असावं. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी असते. जमत असेल तर मंगळवार ते गुरुवारातला दिवस घ्या, तीच बाग निवांत मिळते.

ऋतूही बघा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची रात्र दहा अंशांच्या आसपास आणि कधी त्याखालीही उतरते. उघड्यावरच्या टेबलावर पनीर टिक्का दोन मिनिटांत गार होतो. पावसाळ्यात बाग सर्वात हिरवी, पण जागा छताखालीच मागायची. एप्रिल-मेमध्ये दुपारचं जेवण पूर्ण एसीतच.

तारीख पक्की करण्याआधी पंचांग आणि सुट्ट्यांची यादी दोन्ही बघा. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार यांत निम्म्या टेबलाला उपवास असू शकतो आणि महागड्या हॉटेलात साबुदाण्याची खिचडी मिळेलच असं नाही. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेसाठी लोटणारी गर्दी आदल्या रात्रीपासूनच त्र्यंबक रोड भरून टाकते, त्यामुळे त्या रविवारी त्या रस्त्यावर टेबल नको. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची अमृतस्नानं आहेत. त्या दिवसांच्या आगेमागे खास जेवण ठेवूच नका. वाइन घ्यायची असेल तर 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर हे ड्राय डे असतात, आणि मतदान संपण्याआधीचे 48 तासही.

लग्नसराईत आणखी एक गोष्ट लोक विचारायची विसरतात. मोठ्या हॉटेलांना लॉन असतं आणि मुहूर्ताच्या दिवशी त्या लॉनवर रिसेप्शन असतं. डीजे सुरू झाला की आतल्या रेस्टॉरंटच्या काचा थरथरतात, पार्किंग वऱ्हाडाच्या गाड्यांनी भरतं आणि किचनचं निम्मं मनुष्यबळ तिकडे जातं. चाळीस मिनिटं ऑर्डर न येण्याचं हे एक मोठं कारण.

दोन-तीन नावं उरली की रिव्ह्यू वाचा, पण ताऱ्यांची सरासरी सोडून फक्त गेल्या तीन महिन्यांतले. शेफ बदलला की हॉटेल बदलतं, आणि दोन वर्षांपूर्वीचं कौतुक आज कामाचं नाही. हॉटेलनं टाकलेल्या फोटोंपेक्षा गिऱ्हाइकांनी टाकलेले बघा: ताटात किती येतं, टेबलं किती चिकटून आहेत, बिलावर काय काय लावलंय. मेन्यू दोनशे पदार्थांचा आणि त्यात चायनीज, मेक्सिकन, मुघलाई, इटालियन सगळंच असेल, तर बरंचसं बेस ग्रेव्ही, म्हणजे आधीच करून ठेवलेला रस्सा, आणि फ्रीझर यांवर चाललेलं असतं. चाळीस-पन्नास पदार्थांचा मेन्यू जास्त विश्वासाचा.

मग एक दिवस दुपारी चारच्या सुमारास तिथे कॉफी प्यायला जा. दोन-तीनशे रुपये जातील, पण एवढ्यात सगळं कळतं. आधी टॉयलेट बघा. कमोड आहे का, आत जाताना पायरी आहे का, फरशी ओली आहे का. मग टेबल निवडा. किचनच्या दाराजवळचं, स्पीकरखालचं, एसीचा झोत थेट अंगावर येणारं आणि टॉयलेटच्या वाटेवरचं, ही चार टेबलं टाळा. सोफ्याची बैठक खोल असेल तर म्हाताऱ्या माणसांना उठता येत नाही. त्यांना हात असलेली सरळ खुर्ची लागते. पसंत पडलेल्या टेबलाचा नंबर मॅनेजरकडून लिहून घ्या.

बुकिंगचा फोन दुपारी साडेतीन ते साडेपाचमध्ये करा. जेवणाच्या वेळी केलात तर समोरचा फक्त 'हो सर, होऊन जाईल' म्हणेल. 'होऊन जाईल' हे उत्तर धरू नका. फोन साधारण असा व्हावा:

'शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला आम्ही नऊ जण आहोत. एक आजी आहेत, पायऱ्या नकोत. चौदा नंबरचं टेबल मिळेल का?'
'मिळेल, सर.'
'दोघं जैन आहेत. ग्रेव्ही वेगळी करता का? कांदा-लसूण आणि बटाटा काहीच नको.'
'शेफला विचारून सांगतो.'
'चालेल दादा, विचारा, मी थांबतो. आणि त्या दिवशी लॉनवर कार्यक्रम किंवा आत लाइव्ह म्युझिक आहे का?'

जैन जेवणाच्या प्रश्नाला 'आम्ही वरून कांदा टाकत नाही' असं उत्तर आलं तर ते हॉटेल सोडा. कांदा-लसूण बेस ग्रेव्हीतच असतो, वरून न टाकल्यानं काही फरक पडत नाही. कुणाला शेंगदाणा किंवा काजू चालत नसेल तर तोही आत्ताच सांगा. आपल्याकडच्या बऱ्याचशा पांढऱ्या ग्रेव्ह्या काजूच्याच असतात.

याच फोनवर पुढचंही विचारून घ्या: बाहेरचा केक चालतो का आणि कापण्याचा चार्ज किती, लहान मुलाची उंच खुर्ची आहे का, शेवटची ऑर्डर किती वाजता, अ‍ॅडव्हान्स किती आणि तो बिलातून वजा होतो का, किती तास आधी रद्द केल्यास परत मिळतो. फोन ठेवल्यावर हे सगळं पाच ओळींत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि 'कन्फर्म' असं उत्तर मागा. आदल्या दिवशी पुन्हा एक फोन. संध्याकाळच्या पाळीतल्या माणसाला दुपारच्या माणसानं काही सांगितलेलं नसतं, हा अनुभव फार सार्वत्रिक आहे.

बिलाचा अंदाज आधीच बांधा. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये जेवणावर जीएसटी 5 टक्के. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला 7,500 रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये 18 टक्के. म्हणजे 10,000 रुपयांचं तेच जेवण एका ठिकाणी 10,500 आणि दुसरीकडे 11,800. मद्यावर जीएसटी नाही, त्यावर राज्याचा व्हॅट वेगळा लागतो, म्हणून बिलात ते स्वतंत्र दिसतं. सर्व्हिस चार्ज मात्र सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 रोजी तसे नियम काढले आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये ते कायम ठेवले. बिलात आपोआप लावलेला दिसला तर शांतपणे काढायला सांगा, नाही काढला तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. वाढणाऱ्या मुलानं मनापासून केलं असेल तर टिप त्याच्या हातात द्या.

पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा महाग लावण्याची मुभा हॉटेलांना 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं आहे. बसल्या बसल्या बाटल्या उघडल्या जातात; साधं फिल्टरचं पाणी हवं असेल तर तेव्हाच सांगायचं.

ऑर्डर देणं हे या सगळ्यातलं सर्वात दुर्लक्षित काम. नऊ जण मेन्यू घेऊन बसले की वीस मिनिटं जातात आणि शेवटी पनीरच्या तीन भाज्या येतात. मेन्यूचा फोटो आधीच मागवून घ्या आणि ऑर्डर एकानंच द्यायची हे घरीच ठरवा. नऊ जणांचा साधारण हिशोब असा: स्टार्टरच्या चार प्लेट, भाज्या किंवा रस्से चार, डाळ दोन, बिर्याणी किंवा पुलाव दोन, रोट्या सुरुवातीला माणशी दोन आणि मग लागतील तशा. स्टार्टर मागवताना प्लेटमध्ये नग किती ते नक्की विचारा. कबाब सहा आणि टेबलावर नऊ जण, म्हणजे तिघं दुसऱ्याच्या ताटाकडे बघत बसतात, आणि ते सहसा घरच्या बायकाच असतात. दोन नग जास्तीचे टाकून पैसे लावायला सांगितलं तर बरीच हॉटेलं ऐकतात.

सगळी ऑर्डर एकदम द्या, पण 'मेन कोर्स आम्ही सांगू तेव्हा आणा' हे स्पष्ट बोला. तंदूरला पंधरा-वीस मिनिटं आणि मुख्य जेवणाला अर्धा तास लागतो. स्टार्टर निम्मे संपले की इशारा करायचा. आजी आणि लहान मुलांचा वरणभात किंवा दहीभात मात्र पहिल्यांदा, सगळ्यांच्या आधी. कुणी जेवणाआधी इन्सुलिन घेत असेल, तर ताट नक्की कधी समोर येणार हे कळेपर्यंत इंजेक्शन घेऊ देऊ नका. इंजेक्शन झालं आणि जेवण लांबलं की साखर झपाट्यानं उतरते.

नाशिकला आलोय तर वाइन हवीच असं पाहुणे म्हणतात. 750 मिलीच्या बाटलीत 150 मिलीचे पाच ग्लास होतात. पिणारे चौघं असतील तर एक बाटली उघडून बघा, मग दुसरी. काळ्या मसाल्याचं मटण किंवा कुठलंही तिखट जेवण असेल तर कॅबरने किंवा शिराझ या रेड वाइन मागवू नका. रेड वाइनमधल्या तुरटपणानं तिखट जिभेवर आणखी चढतं. तिथे थंड शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन, त्यातही किंचित गोडसर, छान बसते. रेड घेतलीच तर ती 'रूम टेंपरेचर'ला देतात, पण एप्रिलमधलं नाशिकचं रूम टेंपरेचर तीसच्या वर असतं आणि वाइनला 16 ते 18 अंश हवेत. बाटली पंधरा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगा. पहिल्या घोटालाच फरक कळतो. बाटली टेबलावरच उघडून घ्या आणि लेबल बघा, मागवलेलीच आहे ना.

वायनरीवरून परतताना रात्री कॅब मिळेलच असा भरवसा नाही. कायद्यानं 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, आणि दोन ग्लासांत बहुतेक जण ती ओलांडतात. म्हणून चार तासांसाठी ड्रायव्हर ठरवा किंवा घरातला एक न पिणारा आधीच पक्का करा, आणि त्याच्यासाठी चांगलं मॉकटेल मागवा.

काही बिघडलं, मटण कच्चं राहिलं किंवा जैन भाजीत लसणाचा वास आला, तर दोन घासांतच वेटरला बोलावून ताट परत द्या. अर्ध्याहून जास्त खाऊन झाल्यावरची तक्रार कुणी ऐकत नाही. आवाज न चढवता मॅनेजरला टेबलापासून बाजूला घेऊन बोला. उत्सवमूर्तीसमोर वाद नको. बिल आल्यावर नग मोजा, वजा झालेला अ‍ॅडव्हान्स बघा, आणि उरलेली बिर्याणी बांधून घ्यायला लाजू नका. ती बांधून येईपर्यंत आजींना गाडीपर्यंत नेऊन बसवता येतं.