चावीच्या कॅमेऱ्यावर 1000 फुटी माहितीपट

आधी आकडे पाठ करा. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी (फ्रेम) बसतात आणि कॅमेरा सेकंदाला 24 चौकटी घेतो. म्हणजे सेकंदाला दीड फूट, मिनिटाला 90 फूट. 1958 साली मी मुंबईतल्या एका छोट्या माहितीपट संस्थेत सहायक म्हणून लागलो, तेव्हा पहिला आठवडाभर मला कॅमेऱ्याला हात लावू दिला नव्हता. गॅलरीत उभं राहून मोजायचं. टांगेवाला खाली उतरला, किती फूट? बाईने वाळत घातलेलं लुगडं काढून घडी केली, किती फूट? आज कुणाच्या हाती जुना आयमो, म्हणजे चावीवर चालणारा 35 मिलिमीटरचा कॅमेरा, आला असेल आणि त्यावर खरोखर फिल्म चालवायची असेल, तर सुरुवात इथूनच करा.

लांबी 1000 फूट धरा, म्हणजे साधारण अकरा मिनिटं. 1948 साली फिल्म्स डिव्हिजन ही माहितीपट काढणारी सरकारी संस्था सुरू झाली. थिएटरच्या परवान्यात अटच होती की प्रत्येक खेळाला सरकारमान्य फिल्म दाखवायची, जास्तीत जास्त 2000 फूट. त्यात वार्तापट आणि माहितीपट दोन्ही बसवायचे. आमच्यासारख्या बाहेरच्या संस्थांनाही त्यातलं काम मिळे. प्रेक्षक आलेला असे मुख्य चित्रपटासाठी, आणि आपली फिल्म सुरू होताना तो अंधारात खुर्ची शोधत असे. म्हणून पहिल्या 50 फुटांत समजून घ्यावं लागेल असं काही ठेवू नका, नुसतं बघत राहावं असं ठेवा.

आता विषय. मी पुण्याच्या तांबट आळीचं उदाहरण घेतो, कारण जे शिकलो ते बरंचसं तिथेच. कसबा पेठेतली ही आळी, घराघरातून तांब्यावर हातोडी पडतेय, आणि आम्हाला करायची होती एका घागरीची गोष्ट. पहिले तीन दिवस कॅमेरा पेटीतच ठेवायचा. नुसतं बसायचं, चहा घ्यायचा, बघायचं. पत्रा कापतात केव्हा, भट्टीत तापवतात कितीदा, चिंचेने उजळतात कधी, मठारकामाला, म्हणजे हातोडीने ठोकून भांडं घडवायला, उजेड कुठून येतो. प्रत्येक क्रियेपुढे वहीत फूट लिहा. आम्हाला 1000 फुटी फिल्मसाठी 4000 फूट कच्ची फिल्म मिळायची, कधी त्याहूनही कमी. फिल्म परदेशातून यायची, तिचा प्रत्येक फूट हिशेबात धरलेला असे. त्यामुळे चित्रण वहीतच व्हायचं, कॅमेऱ्यावर फक्त त्याची नक्कल उतरवायची. मला अजूनही हीच पद्धत योग्य वाटते, फिल्म कितीही मिळाली तरी.

चौथ्या दिवशी कॅमेरा काढा, पण रिकामा. आमच्या आयमोला विजेची मोटर नव्हती, घड्याळासारखी चावी द्यायची, आणि चालताना तो चांगलाच घरघरतो. त्या आवाजाने माणसं ताठ होतात, हातोडी थांबवून बघायला लागतात. म्हणून फिल्म न घालता अर्धा दिवस तो त्यांच्यासमोर फिरवत राहा. पोरं कंटाळून निघून जातात, कारागीर पुन्हा आपल्या लयीत येतो. मग फिल्म भरा.

भरायची सावलीत. 100 फुटांचं रीळ उजेडात भरता येतं म्हणतात, पण आपल्या उन्हात नाही. बाहेरचे वेढे धुरकटतात. भरल्यावर पहिले चार-पाच फूट तसेच जाऊ द्या, शेवटचेही धरू नका. हातात उरतात 90, म्हणजे एक मिनिट. आठ-आठ फुटांचे शॉट घेतले तर अकरा शॉट. तेवढ्यात पत्रा तापवण्याचा पूर्ण प्रसंग बसला पाहिजे: लांबून (लाँग), मध्यम अंतरावरून (मिड), भाता ओढणारा हात, चिमट्यातला पत्रा, चेहरा, आणि एखादा कटअवे, म्हणजे मुख्य क्रियेबाहेरचा शॉट, दारात बसून बघणारी म्हातारी वगैरे. कटअवे कधीही विसरू नका. दोन शॉट जुळत नाहीत असं संकलनाच्या टेबलावर कळतं, तेव्हा ती म्हातारीच तुम्हाला वाचवते.

प्रत्येक शॉटच्या आधी चावी पूर्ण द्या. मागचा शॉट लहान होता, चावी उरली असेल, असा विचार करू नका. मी केला होता. लालभडक पत्रा भट्टीतून बाहेर येत असताना कॅमेरा थांबला, आणि दिवसातला तो शेवटचा पत्रा होता. दुसरी गोष्ट गेटची, म्हणजे भिंगामागच्या ज्या खिडकीत फिल्मवर उजेड पडतो तिची. रीळ बदललं की दरवेळी गेट तपासायचं, कडेला अडकलेला केस किंवा फिल्मचा कपचा लाकडी काडीने काढायचा. धातूची सुई कधीच नाही. पडद्यावर तो केस दोरखंडाएवढा दिसतो आणि कशानेही पुसता येत नाही.

आयमोत बघायची नळी वेगळी आणि भिंग वेगळं. जवळून हात घेताना नळीत दिसतं त्यापेक्षा चौकट सरकलेली असते, तेवढी जागा सोडा. अॅरिफ्लेक्स कॅमेऱ्यात भिंगातूनच दिसतं, पण तो आमच्या वाट्याला क्वचित यायचा. उजेडाचं सांगायचं तर सकाळी दहाच्या आत आणि दुपारी साडेतीननंतर. मधल्या उन्हात टोपीखालचा चेहरा नुसता काळा येतो. चंदेरी रिफ्लेक्टर डोळ्यांवर मारला की कारागीर डोळे मिचकावतो, म्हणून आम्ही त्याच्यासमोर जमिनीवर धुतलेलं पांढरं धोतर अंथरायचो. चेहरा मऊ उजळतो आणि त्याला त्रास होत नाही. आकाश असेल तिथे पिवळा फिल्टर लावा, पण तो साधारण एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, खातो हे धरून मीटर वाचा. पावसाळ्यात फिल्मचे डबे चिकटपट्टीने बंद करून पेटीत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवा, दमट हवा ती ओढून घेते.

चित्रीत डबे आम्ही सकाळच्या डेक्कन क्वीनने मुंबईला धाडायचो. डब्यावर रीळ क्रमांक, फूट आणि "उजेडात उघडू नये" हे मोठ्या अक्षरात. रश प्रिंट, म्हणजे निगेटिव्हवरून काढलेली पहिली कच्ची प्रत, आली की मूव्हिओला या संकलनाच्या यंत्रावर बसायचं. कापाकापी फक्त रश प्रिंटची करा. निगेटिव्हच्या कडेला फुटाफुटाला छापलेले आकडे असतात, त्यावरून ती शेवटी, पांढरे हातमोजे घालून, एकदाच कापायची.

निवेदन लिहिताना आवरा. सेकंदाला दोन शब्दांच्या वर गेलात की वाचणारा धापा टाकतो. शिवाय ही फिल्म हिंदी, तमिळ, बंगालीतही जाणार. तेच वाक्य दुसऱ्या भाषेत लांबतं. म्हणून अकरातली किमान चार मिनिटं बिननिवेदनाची ठेवा, आणि निवेदनाचा पट्टा इतर आवाजांपासून वेगळा ठेवा. कुणी बोलताना ओठ दिसतील असा शॉट तर घेऊच नका, कुठल्या भाषेत बसवणार?

आणि हातोडीचा आवाज. घरघरत्या आयमोसोबत तो घेता येत नाही, म्हणून चित्रणाच्या शेवटच्या दिवशी टेपवर वेगळा घ्यायचा: पातळ पत्र्यावरचा, जाड बुडावरचा, लांबून येणारा आळीचा एकत्र. मग हातोडी तांब्याला टेकते ती नेमकी चौकट शोधायची, मेणपेन्सिलीने फुली मारायची आणि त्याच चौकटीवर ठोका बसवायचा. एका चौकटीची चूक एकट्या ठोक्यात खपते, पण मठारकाम सलग चालतं तेव्हा चूक जमत जाते आणि दहाव्या ठोक्याला कानाला बोचते. आमच्या घागरीला मला तीन दिवस लागले. शेवटच्या 60 फुटांवरचं निवेदन आम्ही काढूनच टाकलं. तिथे घागर फिरते, हातोडी पडते, एवढंच ठेवलं.