माळ्यावरच्या कॅसेटमधलं मुघम एआयने परत कसं ऐकायचं

आमचे काका तेलाच्या कामावर बाकूला होते, येताना मुघमच्या ३ कॅसेट घेऊन आले आणि त्या रत्नागिरीच्या घरात माळ्यावर आंब्याच्या पेटीत वीसेक पावसाळे पडून होत्या. मुघम म्हणजे अझरबैजानचं शास्त्रीय गाणं, गायकाच्या हातात डफासारखं गवाल, सोबत तार नावाचं छेडून वाजवायचं तंतुवाद्य आणि गजाने वाजवायचा कमांचा, आणि रास्त, शूर, सेगाह असे ७ मुख्य प्रकार. २००८ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलंय, म्हणजे मुघम जिवंत आहे, पण एकेका गवयाची गायची तऱ्हा रेकॉर्डिंग गेलं की गेलीच, म्हणून हा खटाटोप.

आधी कॅसेट. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून बघा, टेपच्या कडेला पिठासारखं पांढरं दिसलं तर ती बुरशी, तशीच प्लेअरमध्ये घालू नका, पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. उन्हातही नको, टेप वाकडी होते. मी डिसेंबरच्या कोरड्या हवेत सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात १५ दिवस ठेवल्या, मग पडवीत मास्क लावून बसलो आणि पेन्सिलीने फिरवत फिरवत मऊ कोरड्या कापडाने पुसल्या. नंतर प्लेअरच्या हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी हळू फिरवायचा, आवाज सगळ्यात मोकळा लागेल तिथे थांबायचं. हे नीट केलंत तर एआयचं अर्धं काम वाचतं, खरंच. मग प्लेअर कॉम्प्युटरला जोडून ऑडॅसिटी या मोफत रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला वॅव फाइल करा आणि त्या मूळ फाइलला पुन्हा हात लावू नका, पुढचं सगळं कॉपीवर.

आता डीमक्स, हा एआयचा प्रोग्रॅम मोफत आहे, गळा आणि वाद्यं वेगळी काढतं. पण ते शिकलंय बहुतेक पाश्चात्त्य गाण्यांवर, त्याच्या नेहमीच्या मॉडेलला गळा, ड्रम, बेस आणि "बाकी" एवढंच कळतं, त्यामुळे तार आणि कमांचा दोन्ही "बाकी"त एकत्र येतात. त्यात कमांचा गायकाच्या मागोमाग चालतो, आपल्या भजनात पेटी बुवांच्या मागे असते तसा, म्हणून त्याचा थोडा आवाज गळ्याच्या फाइलीत राहतोच. तो पुसायच्या मागे लागलात तर तानेची टोकंही जातात, मी एकदा घालवली. खरखर थोडी राहू दे.

सगळ्यात जपायचं ते सुरांना. ऑटोट्यून किंवा सूर "दुरुस्त" करणारं काहीही लावू नका, कारण सेगाहमधले काही सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे पडतात, मशीन ते ओढून जवळच्या पट्टीवर बसवतं आणि सगळी आर्तताच जाते. त्यापेक्षा क्रेपसारखं सूर मोजणारं मॉडेल घ्या, ते सुराचा आलेख काढून देतं. मी तो आलेख बघत एकेक ओळ गुणगुणतो, मधेच सूर कुठे रेंगाळला ते डोळ्यांना दिसतं, नुसतं ऐकून मला ते महिनाभर पकडता आलं नव्हतं.

शब्दांसाठी व्हिस्परला, म्हणजे ऐकून लिहून देणाऱ्या एआयला, अझरबैजानी भाषा सांगून फाइल द्या. सरळ गायलेली ओळ बऱ्यापैकी येते, पण गळ्याची थरथरती तान आली की ते मनाचे शब्द घालतं. मुघममध्ये फुझुली या जुन्या कवीच्या गझला खूप गातात, तेव्हा दोन-तीन शब्द नीट लागले की छापील गझल शोधून ओळ ताडून बघा.

जिथे टेपच तुटलीय तिथे एआयकडून गाणं तयार करून भरू नका. बाकूच्या मजनून केरीमोव यांनी चंग, बरबत ही विसरलेली वाद्यं परत घडवली ती जुनी चित्रं आणि काव्यांतली वर्णनं हाताशी धरून, आपल्या रिकाम्या जागेला तसा काहीच आधार नसतो. तिथे शांतता ठेवा आणि फाइलीच्या नावात किती सेकंद गेले ते लिहा. सरावाला बनवलेला तुकडा हवाच असेल तर वेगळ्या फोल्डरमध्ये, नावात "एआय" घालून.

आणि हे सगळं मृगाच्या आत उरका, एक कॉपी घराबाहेर कुणाकडे तरी द्या. माझी पुण्याला बहिणीकडे आहे.