‘गो ऑफ’ : गजर वाजला की थांबला?

भाषांतराच्या कामाला लागलो त्या पहिल्याच महिन्यात, आगीची सूचना देणाऱ्या यंत्राच्या माहितीपत्रकातील ‘व्हेन द अलार्म गोज ऑफ, लीव्ह द बिल्डिंग’ या वाक्याचे मी ‘अलार्म बंद झाल्यावर इमारतीबाहेर पडा’ असे भाषांतर केले होते. संपादकांनी ते छपाईपूर्वी पकडले; एरवी यंत्र कोकलत असताना आतच बसून राहा, असा सल्ला माझ्या हातून गेला असता. ‘ऑफ’ म्हणजे बंद, हे विजेच्या बटणावरून शिकलेले समीकरण मी डोळे मिटून लावले होते.

ते समीकरण सर्वस्वी चुकीचे नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे दिवे गेलेच. मात्र ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे गजर वाजला, ‘द बॉम्ब वेंट ऑफ’ म्हणजे स्फोट झाला आणि ‘द गन वेंट ऑफ’ म्हणजे बंदुकीतून गोळी सुटली. या शेवटच्या तिन्ही ठिकाणी दाबून किंवा लावून ठेवलेले काहीतरी एकदम सुटते, असे मी मनाशी धरले आणि गोंधळ बराच कमी झाला. आपल्याकडे भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते आणि डोळाही लागतो. तेथे आपण कर्ता पाहूनच अर्थ लावतो. नवशिक्यांनी ‘गो ऑफ’ दिसताच तीच सवय वापरावी, पाठांतराच्या याद्या करत बसू नये.

ब्रिटिश इंग्रजीत दूध ‘गोज ऑफ’ म्हणजे नासते. अमेरिकेत त्यासाठी बहुधा ‘गो बॅड’ म्हणतात. ‘आय हॅव गॉन ऑफ हिम’ हाही ब्रिटिशच प्रयोग असून, त्याला ‘तो माझ्या मनातून उतरला’ यापेक्षा चपखल मराठी मला सापडलेली नाही. ‘द मीटिंग वेंट ऑफ वेल’ म्हणजे बैठक नीट पार पडली.

गजर कोणी वाजवला हे सांगायचे असेल, तर ‘गो ऑफ’ चालत नाही. तेथे ‘समवन सेट ऑफ द अलार्म’ असे लिहावे लागते. वाजणारा गजर बंद करणे म्हणजे ‘टर्न ऑफ’. त्यामुळे उशिरा आलेला सहकारी ‘माय अलार्म डिड नॉट गो ऑफ’ म्हणाला, तर गजर थांबेचना अशी त्याची तक्रार नसते. तो वाजलाच नाही, एवढेच त्याला सांगायचे असते.