बॉम्बे फ्युजिलिअर्सचा माग काढताना या चुका टाळा

जुन्या कबरी, पदकं आणि लढायांचे फलक वाचत हिंडणाऱ्यांना एक पलटण सारखी भेटते आणि दर वेळी वेगळं नाव सांगते. बॉम्बे युरोपियन रेजिमेंट, पहिली बॉम्बे फ्युजिलिअर्स, १०३ वी रॉयल बॉम्बे फ्युजिलिअर्स, रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्सची दुसरी बटालियन. चारही नावं एकाच गोऱ्या पायदळ पलटणीची. १६६२ साली इंग्लंडहून निघालेले शिपाई हे तिचं मूळ, आणि १९२२ साली ती मोडली गेली. एवढ्या लांबच्या प्रवासात वाचक अडखळतो, पण अडखळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

नंबर दिसला की विश्वास ठेवणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. इंटरनेटवर ‘१०३ वी रेजिमेंट’ शोधलंत तर तीन वेगवेगळ्या पलटणी एकमेकींत मिसळून समोर येतात. १८१४ साली कॅनडाच्या सीमेवर लंडीज लेन आणि फोर्ट ईरी इथे लढलेली १०३ वी निराळी, तिचा मुंबईशी काही संबंध नाही. आपल्या फ्युजिलिअर्सना हा नंबर १८६२ मध्ये मिळाला आणि १८८१ च्या फेररचनेत गेला. पुढे १९०३ साली सरसेनापती किचनरने हिंदी सैन्याचे नंबर नव्याने लावले, तेव्हा ‘१०३ वी मराठा लाइट इन्फंट्री’ आली. ही १७६८ साली उभी राहिलेली देशी शिपायांची पलटण, आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजेच ‘जंगी पलटण’. त्यामुळे आधी साल बघा, मग नंबर. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढलेला ‘१०३ वी’चा जवान असेल तर तो डब्लिनवाला नाही, मराठा पलटणीचा.

‘पहिली’ या शब्दाचंही तेच. पहिली बॉम्बे युरोपियन आणि पहिली बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री या वेगळ्या. ५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईत बॉम्बे युरोपियन रेजिमेंट होती आणि पहिल्या नेटिव्ह इन्फंट्रीची दुसरी बटालियनही होती. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला मात्र ही देशी बटालियनच गेली; तिथले युरोपियन गोलंदाज मद्रासच्या तोफखान्याचे होते. गोरे दिसले म्हणून कोरेगाव फ्युजिलिअर्सच्या खात्यात टाकू नका.

पगार कोण देत होतं, हे न विचारणं

मला विचाराल तर या पलटणीच्या इतिहासाची किल्ली इथे आहे. १६६२ मध्ये सर अब्राहम शिपमनबरोबर आलेले सुमारे ४०० शिपाई इंग्लंडच्या राजाचे होते. पोर्तुगीजांनी मुंबई द्यायला नकार दिला, म्हणून त्यांना कारवारजवळच्या अंजदीव बेटावर मुक्काम ठोकावा लागला. आजारपणाने तिथे बहुतेकांचा बळी घेतला, खुद्द शिपमनही १६६४ मध्ये गेला. १६६५ साली मुंबईचा ताबा घेतला तेव्हा शंभराच्या आसपासच उरले होते. १६६८ मध्ये राजाने वर्षाला दहा पौंड भाड्याने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली आणि हे लोक कंपनीचे चाकर झाले.

हा बदल कागदापुरता नव्हता. कंपनीने पगाराला कात्री लावल्यावर १६८३ च्या डिसेंबरात कॅप्टन रिचर्ड केगविनने मुंबईचा किल्ला बळकावला आणि आम्ही राजाचे, कंपनीचे नाही, असं जाहीर केलं. जवळपास वर्षभर त्याने कारभार चालवला, संभाजी महाराजांशी तहही केला. १८५९ मध्ये उलटं घडलं. कंपनीचं राज्य आदल्या वर्षी संपलं होतं, तिच्या गोऱ्या शिपायांना न विचारताच राणीच्या फौजेत वर्ग केलं गेलं, तेव्हा नव्या भरतीचा भत्ता मागत ते अडून बसले. सुमारे दहा हजार जण नोकरी सोडून मायदेशी गेले. म्हणून १८५८ च्या यादीतलं नाव १८६२ च्या यादीत नसेल तर लगेच त्याला मेलेला ठरवू नका.

सन्मानांची यादी म्हणजे इतिहास समजणं

रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्सच्या सन्मानांच्या, म्हणजे झेंड्यावर मिरवायच्या लढायांच्या, यादीत महिदपूर आणि लखनौ दिसतात, आणि लोक ते मुंबईवाल्यांच्या नावावर लिहून मोकळे होतात. ते मद्रास फ्युजिलिअर्सचे. १८८१ मध्ये मद्रासची १०२ वी पहिली बटालियन झाली आणि मुंबईची १०३ वी दुसरी, त्यामुळे दोघींची कमाई एका यादीत आली. मुंबईची म्हणावी अशी नावं म्हणजे खडकी, ओमानमधलं बेनी बू अली, एडन आणि मुलतान.

यादीत हार कधीच नसते, हेही लक्षात असू द्या. जानेवारी १७७९ मध्ये बॉम्बे युरोपियन पुण्यावर निघालेल्या फौजेत होती. तळेगावहून रात्री माघार घेताना जड तोफा तळ्यात ढकलल्या, सामान जाळलं, आणि वडगावला नाक मुठीत धरून तह केला. झेंड्यावर याचा मागमूस नाही. याच मोहिमेत पडलेला आपला ‘इष्टुर फाकडा’, म्हणजे कॅप्टन स्टुअर्ट, देशी ग्रेनेडियर शिपायांचा कप्तान होता, या पलटणीचा नव्हे.

तारखा जशाच्या तशा उतरवणं

१७५२ पर्यंत इंग्रज ज्युलियन पंचांग वापरत आणि त्यांचं नवं वर्ष २५ मार्चला लागे. पोर्तुगीजांनी ग्रेगोरियन आधीच स्वीकारलं होतं. मुंबईचा ताबा पोर्तुगीज कागदात १८ फेब्रुवारी १६६५, तर इंग्रजी हिशेबाने ८ फेब्रुवारी १६६४. शिवराज्याभिषेकाची ६ जून ही तारीखही ज्युलियनच.

सगळे इंग्रजच होते असं धरून चालणं

सुरुवातीच्या कंपन्यांत टोपासी म्हणजे इंडो-पोर्तुगीज शिपाईही असत. एकोणिसाव्या शतकात भरतीचा मोठा वाटा आयर्लंडचा होता. मर्फी, केली अशी आडनावं दिसली तर बिचकू नका.

चुकीच्या दप्तरखान्यात शोधणं

कंपनीच्या काळातला शिपाई लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये शोधणं म्हणजे वेळ फुकट घालवणं. त्याची हजेरीपत्रकं ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एल/एमआयएल/१२’ या मालिकेत आहेत. बारसं, लग्न, दफन यांच्या मुंबई इलाख्यातल्या नोंदी ‘एन/३’ मध्ये, आणि बहुतेक वेळा तिथूनच सुरुवात करणं सोपं जातं, कारण दफनाच्या नोंदीत पलटणीचं नाव सहसा असतं. राणीच्या फौजेत गेल्यानंतरचे कागद क्यूला. १९१४ नंतरच्या शिपायांची बरीचशी सेवापत्रकं सप्टेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात जळाली. ती मिळाली नाहीत तर पदकांच्या कार्डांची सूची बघा, ‘डब्ल्यूओ ३७२’.