वेबसाइटचे आकडे एका रात्रीत फुगले तर

सोलापुरातल्या चादर-टॉवेलच्या दुकानाची साधी वेबसाइट. रोज दीडशे-दोनशे माणसं येतात आणि एका मंगळवारी गूगलचं भेटी मोजणारं ॲनॅलिटिक्स एकदम चार हजार दाखवतं. मालक खूश, साइट सांभाळणारा बुचकळ्यात. अशा वेळी लगेच काहीही ब्लॉक करू नका. ही गर्दी माणसांची आहे की बॉटची (म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमची) आणि बॉटची असेल तर ती नेमक्या कोणत्या मोजणीत शिरली आहे, हे आधी ठरवा. इलाज त्यावरच ठरतो. बहुतेक घोळ होतात ते हा प्रश्न न विचारता थेट क्लाउडफ्लेअर (साइटच्या पुढे उभी राहून गर्दी गाळणारी सेवा) उघडल्यामुळे.

सोलापुरात खरी गर्दीही अशीच एकदम उसळते. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा आणि तिच्यासोबतची गड्ड्याची जत्रा, आषाढीच्या आधी पंढरपूरच्या निवासाची शोधाशोध, शाळा उघडण्याच्या तोंडावर गणवेश, दिवाळीआधी चादरी. पण खरी गर्दी मागे खुणा ठेवते. फोन वाजतो, व्हॉट्सॲपचं बटण दाबलं जातं, चौकशीचा फॉर्म भरून येतो, गूगल मॅपवर दुकानाचा रस्ता विचारला जातो. भेटी वीसपट आणि चौकशा होत्या तेवढ्याच, तर संशय पक्का धरा. दुसरा पडताळा सर्च कन्सोलचा, म्हणजे शोधातून किती क्लिक आले ते दाखवणाऱ्या गूगलच्या साधनाचा. तिथले क्लिक गूगल स्वतःच्या शोधपानावर मोजतं, तुमच्या साइटवरच्या कोडशी त्याचा संबंध नाही. ॲनॅलिटिक्स ‘ऑरगॅनिक’, म्हणजे शोधातून आलेल्या, भेटी वाढल्या म्हणतंय आणि सर्च कन्सोलची रेघ सपाट आहे, तर वाढ खोटी. फक्त तिथला आकडा दोन-तीन दिवस उशिरा पक्का होतो, तेवढं थांबा.

कोणता मीटर फिरला?

एकाच साइटवर बहुधा तीन मीटर असतात आणि तिघांची मोजण्याची तऱ्हा वेगळी. होस्टिंगच्या सीपॅनल या नियंत्रण-पानावरचं ॲवस्टॅट्स सर्व्हरच्या लॉगवरून, म्हणजे त्याच्या नोंदवहीवरून, मोजतं. दारात जो आला तो नोंदला. ओळखीचे रोबोट ते वेगळे दाखवतं, बाकीचे माणसांत धरतं. त्यामुळे त्याचा आकडा सहसा मोठा असतो. गूगल ॲनॅलिटिक्स ४ मोजतं ते पानावरची जावास्क्रिप्ट चालली तर. साधे क्रॉलर (पानं वाचत फिरणारे बॉट) ती चालवतच नाहीत, म्हणून तिथे दिसत नाहीत. शिवाय ओळखीचे बॉट ते स्वतःहून गाळतं, ती गाळणी बंद करता येत नाही आणि किती गाळले तेही दिसत नाही. तिसरा मीटर म्हणजे वर्डप्रेसचं एखादं ‘व्ह्यू काउंटर’ प्लगइन. त्यातल्या बऱ्याच प्लगइनवर फार विसंबू नये, पान उघडलं की एक वाढवायचा एवढंच त्यांना कळतं.

आता जोड्या लावा. ॲवस्टॅट्स फुगलं आणि ॲनॅलिटिक्स शांत असेल, तर साधा क्रॉलर फिरतोय. आकड्यांचं नुकसान नाही, बँडविड्थचं, म्हणजे होस्टिंगवरून जाणाऱ्या डेटाचं, आहे. दोन्ही फुगले असतील, तर ‘हेडलेस’ क्रोम, म्हणजे पडद्याविना चालणारा खरा ब्राउझर, पानं उघडतोय. आणि ॲनॅलिटिक्स फुगलं पण त्याच तासाच्या लॉगमध्ये काहीच नाही, तर तुमच्या साइटवर कुणी आलेलंच नाही. तुमच्या ॲनॅलिटिक्सचा मेजरमेंट आयडी (ओळख क्रमांक) पानाच्या सोर्स कोडमध्ये उघडा असतो. तो उचलून कुणीतरी थेट गूगलच्या सर्व्हरला खोट्या नोंदी पाठवतंय. या तिसऱ्या प्रकारात क्लाउडफ्लेअर, फायरवॉल, प्लगइन यांचा काडीचा उपयोग नाही, कारण तो रस्ता तुमच्या दारावरून जातच नाही.

ॲनॅलिटिक्समध्ये काय पाहायचं

सुरुवातीच्या तयार रिपोर्टमध्ये शोधत बसू नका. ‘एक्सप्लोअर’मध्ये कोरा फ्री फॉर्म घ्या. ओळींमध्ये एकेक करून सेशन सोर्स-मीडियम (भेट कुठून आली), शहर, ब्राउझर, आवृत्तीसह ऑपरेटिंग सिस्टिम, स्क्रीन रिझोल्यूशन, लँडिंग पेज (आधी उघडलेलं पान) आणि होस्टनेम (नोंद कोणत्या डोमेनची) टाका. आकड्यांच्या रकान्यात सेशन (म्हणजे भेट), एंगेज्ड सेशन आणि सरासरी एंगेजमेंट वेळ. एंगेज्ड म्हणजे दहा सेकंदांहून जास्त थांबलेली, किंवा दोन पानं पाहिलेली, किंवा की इव्हेंट (तुम्ही महत्त्वाची ठरवलेली कृती) घडलेली भेट. बॉटच्या ओळीत सेशन शेकड्यांनी असतात आणि एंगेजमेंट वेळ शून्य-एक सेकंद.

होस्टनेममध्ये तुमच्या डोमेनऐवजी दुसरंच नाव किंवा ‘नॉट सेट’ दिसलं, तर वर सांगितलेला तिसरा प्रकार. स्क्रीन रिझोल्यूशनमध्ये ८०० बाय ६०० चा ढीग दिसला, तर पडद्याविना चालणारा क्रोम. त्याचं मूळ माप तेच आहे. आज त्या मापाचा पडदा सोलापुरात कुणाच्या टेबलावर सापडणं कठीण. ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या प्लेराइट नावाच्या साधनाचं मूळ माप १२८० बाय ७२०, पण ते माप खऱ्या लॅपटॉपवरही येतं, म्हणून त्या एकट्यावर निकाल देऊ नका.

शहरांच्या यादीत ॲशबर्न, बोर्डमन, काउन्सिल ब्लफ्स अशी अमेरिकी नावं दिसली, तर तिथे मोठी डेटा सेंटर आहेत. २०२५ च्या उत्तरार्धात चीनमधल्या लांझोऊ आणि सिंगापूरच्या नावाने ‘डायरेक्ट’ (कुठून आल्या ते न कळणाऱ्या) भेटींचा असाच लोट जगभरच्या साइटांवर आला होता. भारतातल्या शहरांबाबत मात्र जपून. गूगल शहर ठरवतं आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या क्रमांक-पत्त्यावरून, आणि मोबाइल कंपनीचा आयपी बहुधा तिच्या मोठ्या केंद्राच्या शहराचा निघतो. सोलापूरच्या साखर पेठेत बसून फोनवर साइट उघडणारा माणूस तुम्हाला पुण्यात किंवा मुंबईत दिसू शकतो. ‘सोलापूर नाही म्हणजे खोटा’ हा हिशेब इथे चालत नाही. हैदराबाद, कलबुर्गी, विजयपूर ही तर इथल्या मालाची नेहमीची गिऱ्हाइकं.

तास पाहण्याआधी ॲनॅलिटिक्समधल्या प्रॉपर्टीचा (तुमच्या साइटच्या नोंदखात्याचा) टाइमझोन भारताचा आहे ना, ते बघा. अकाउंट घाईत उघडलेलं असेल तर तो अमेरिकेचाही राहून गेलेला असतो आणि मग पहाटेची गर्दी दुपारी दिसते. माणसांची रेघ पहाटे दोन ते पाचमध्ये खाली बसते आणि रात्री जेवणानंतर चढते. बॉटची एक तर चोवीस तास सपाट असते, नाहीतर बरोबर ठोक्याला उडी मारते.

लॉग उघडा, त्यात सगळं असतं

सीपॅनलमध्ये ‘रॉ ॲक्सेस’मधून गर्दीच्या दिवसाची फाइल उतरवा. तिथेच लॉग जपून ठेवण्याची खूण आधी करून ठेवलेली बरी, नाहीतर बऱ्याच होस्टिंगवर जुने लॉग पुसले जातात. आवळलेली फाइल उलगडून (अनझिप करून) एक्सेलमध्ये घ्या आणि ‘टेक्स्ट टू कॉलम्स’मध्ये विभाजक म्हणून स्पेस द्या, अवतरणचिन्हातला मजकूर एकत्र ठेवा. एक्सेल १०,४८,५७६ ओळींच्या पुढे घेत नाही. फाइल मोठी असेल तर तासाप्रमाणे तोडा. वेळेच्या रकान्यातला टाइमझोनचा फरक वाचा. ‘+०५३०’ नसेल तर सर्व्हरचं घड्याळ वेगळं आहे.

प्रत्येक ओळीत आयपी, वेळ, मागितलेला पत्ता, उत्तराचा कोड, बाइट, रेफरर (ज्या पानावरून आला ते) आणि शेवटी यूजर एजंट (ब्राउझर किंवा बॉट स्वतःचं सांगतो ते नाव). पिव्होट टेबल (एक्सेलचा गटवार मोजणीचा तक्ता) करून तीनदा मोजा: आयपीप्रमाणे, यूजर एजंटप्रमाणे, मागितलेल्या पत्त्याप्रमाणे. खरा ब्राउझर पानासोबत चित्रं, स्टाइल आणि फॉन्टही मागतो (ब्राउझरने आधीच साठवलेले असतील तर नाही). नुसती पानंच ओरबाडणारा आयपी माणूस नव्हे.

आयपीच्या यादीत सगळी गर्दी मोजक्याच पत्त्यांवरून आलेली दिसली, तर हुरळून जाऊ नका. साइट क्लाउडफ्लेअरच्या मागे असेल आणि होस्टिंगवर खरा आयपी उलगडण्याची सोय नसेल, तर प्रत्येक ओळीत क्लाउडफ्लेअरचेच आयपी येतात. ते ब्लॉक केले की साइट स्वतःच्याच हाताने बंद.

यूजर एजंटमध्ये गूगलबॉट लिहिलंय म्हणून तो गूगलचाच असं नाही, ते नाव कुणीही लावू शकतं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर एनएसलुकअप (nslookup) देऊन आयपीचं नाव काढा. ते गूगलबॉट डॉट कॉम किंवा गूगल डॉट कॉमवर संपलं पाहिजे. मग त्या नावावरून उलट आयपी काढा, तोच आला तर खरा. बिंगच्या बॉटचं नाव सर्च डॉट एमएसएन डॉट कॉमवर संपतं.

मागितलेल्या पत्त्यांचा पिव्होट हा सगळ्यांत बोलका. लॉगइनचं पान किंवा एक्सएमएल-आरपीसीची (वर्डप्रेसला बाहेरून आज्ञा देण्याची) फाइल वर आली, तर पासवर्ड फोडायचा प्रयत्न चालू आहे. आणि दुकानाच्या साइटवर हमखास सापडणारा प्रकार म्हणजे फिल्टरचे पत्ते. रंग ८, मापं ४, किमतीचे टप्पे ५, क्रम लावायच्या तऱ्हा ४. गुणाकार केला तर ६४० जोड्या, आणि प्रत्येक जोडीचा पत्ता वेगळा. माणूस त्यातल्या दोन-तीन उघडतो. क्रॉलर ६४० च्या ६४० उघडतो, वर त्यांची पुढची पानं. मूळ चादरी पन्नासच असल्या तरी त्याला ती हजारो पानांची साइट वाटते. वर्डप्रेसच्या वूकॉमर्स या दुकान-प्लगइनमध्ये ‘कार्टमध्ये टाका’ ही लिंकही पत्त्यातूनच चालत असेल, तर क्रॉलर तीही दाबतो, मग न विकल्या गेलेल्या मालाच्या टोपल्या भरलेल्या दिसतात. इथे शत्रू कुणी नाही, साइटची बांधणीच चुकलीय.

आवर घालताना

फिल्टरच्या पत्त्यांसाठी रोबोट्सच्या फाइलमध्ये (robots.txt, बॉटना सूचना देणारी फाइल) मनाईच्या ओळी घाला. रंग, माप, किंमत, क्रम आणि कार्ट या पाचही शब्दांसाठी वेगवेगळ्या. जीपीटीबॉट, क्लॉडबॉट, सीसीबॉट, एएचरेफ्सबॉट, सेमरशबॉट असे स्वतःचं नाव सांगून येणारे बॉटही तिथेच नावानिशी थांबवता येतात. ही फाइल मात्र विनंती आहे, कुलूप नव्हे. सभ्य बॉट ऐकतात, बाकीचे वाचतही नाहीत. ‘क्रॉल-डिले’ बिंग मानतं, गूगल मानत नाही.

न ऐकणाऱ्यांसाठी क्लाउडफ्लेअरच्या मोफत योजनेतही पाच कस्टम नियम करता येतात, फक्त तिथल्या डीएनएसच्या (डोमेनच्या पत्त्यांच्या) यादीतला ढग नारिंगी हवा, म्हणजे गर्दी क्लाउडफ्लेअरमधून जाते. क्रम महत्त्वाचा. पहिला नियम ओळखीच्या प्रमाणित बॉटना सोडून देणारा, म्हणजे गूगल-बिंगला धक्का लागत नाही. दुसरा लॉगमध्ये सापडलेल्या डेटा सेंटरच्या एएसएनसाठी (कंपनीच्या नेटवर्कचा क्रमांक), आणि त्याची कृती ‘ब्लॉक’ नव्हे, ‘मॅनेज्ड चॅलेंज’, म्हणजे माणूस आहे का याची चाचणी. आयपी एकेक करून अडवणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. एएसएन धरला की त्या कंपनीचा सगळा पट्टा एकदम सापडतो. लिंकची झलक आणणारे फेसबुक-व्हॉट्सॲपचे एजंट मोकळे ठेवा, नाहीतर पाठवलेल्या लिंकखाली फोटो येणं बंद होईल.

भारतातल्या मोबाइल कंपनीचा आयपी कधीही अडवू नका. एका आयपीव्ही४ पत्त्यामागे शेकडो ग्राहक असतात. एका उपद्रव्यापायी सगळ्यांना दार बंद. देशच्या देश अडवण्याचंही तसंच, सुक्याबरोबर ओलंही जळतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याची साइट असेल तर परदेशातली भेट हीच त्याची ऑर्डर असू शकते.

फुगलेल्या महिन्याचं काय?

झालेल्या नोंदी ॲनॅलिटिक्समधून पुसता येत नाहीत. ‘डेटा फिल्टर’ पुढच्याच नोंदींना लागतो, मागच्यांसाठी ते वरातीमागून घोडं. पुढच्या नोंदींसाठी आधी ‘इंटर्नल ट्रॅफिक’मध्ये बॉटच्या आयपीच्या पट्ट्याला वेगळं नाव द्या, मग त्या नावाचा फिल्टर काही दिवस ‘टेस्टिंग’वर ठेवून पाहा आणि नंतरच चालू करा. गाळलेलं कायमचं जातं आणि परिणाम दिसायला २४ ते ३६ तास लागतात. रेफरल स्पॅम (परक्या साइटच्या नावाने आलेल्या खोट्या भेटी) आला की पुष्कळ जण ते डोमेन ‘अनवाँटेड रेफरल्स’मध्ये टाकतात. त्याने भेट गळत नाही, नुसती ‘डायरेक्ट’मध्ये जाऊन बसते आणि पुढे ओळखूही येत नाही. तसल्या रेफररचा पत्ता कुतूहलाने उघडूही नका, तुम्ही यावं म्हणूनच तो तिथे टाकलेला असतो.

मागच्या काळासाठी एक्सप्लोअरमध्ये सेशन सेगमेंट (भेटींचा निवडक गट) करा आणि संशयित शहर, तेच रिझोल्यूशन आणि तोच सोर्स या तिन्ही अटी एकत्र जुळतील तेवढंच वगळा. एकाच अटीवर वगळलं तर खरी माणसंही जातात. आलेखावर त्या तारखांना ॲनोटेशन लिहून ठेवा. ही सोय मार्च २०२५ पासून आहे. आणि ‘डेटा रिटेन्शन’ (नोंदी जपण्याचा काळ) दोन महिन्यांवरून १४ महिन्यांवर न्या. मूळ सेटिंग दोनच महिन्यांचं असतं, त्यामुळे या गड्ड्याची तुलना मागच्या गड्ड्याशी करायला एक्सप्लोअरमध्ये काही उरतच नाही.

मालकाला द्यायच्या महिन्याच्या कागदावर भेटींऐवजी व्हॉट्सॲपचे क्लिक, फोनचे क्लिक आणि फॉर्म हे वर ठेवा. व्हॉट्सॲपची लिंक बाहेरच्या डोमेनची असल्याने ॲनॅलिटिक्समधलं एन्हान्स्ड मेजरमेंट ती आपोआप मोजतं. फोन नंबरची लिंक मोजत नाही, तिच्यासाठी गूगलच्या टॅग मॅनेजरमध्ये वेगळा ट्रिगर लागतो. साइटवर ॲडसेन्स (गूगलच्या जाहिराती) असेल तर खोट्या क्लिकची तक्रार गूगलच्या फॉर्ममधून लगेच नोंदवा.

नियम लावून आठवडा झाला की क्लाउडफ्लेअरच्या नियमांच्या यादीत ‘सीएसआर’चा रकाना पाहा. चॅलेंज मिळालेल्यांपैकी किती जणांनी तो सोडवला, याची ती टक्केवारी. शून्याजवळ असेल तर नियम बरोबर बसलाय. चढायला लागली तर त्यात माणसं अडकताहेत. एएसएनची यादी पुन्हा लॉगशी ताडून पाहा आणि भारतातल्या कंपनीचा एखादा चुकून आत गेला असेल तर आधी तो काढा.