कोजागरीचा मुक्काम आणि चिखलाची वाट: या चुका टाळा

कोजागरी जवळ आली की गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या अनोळखी डोंगरावर मुक्कामाला नेण्याविषयी मला विचारणा होऊ लागते. पंधरा-वीस जणांनी संध्याकाळी चढावे, सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या खडकाळ पठारावर, चांदण्यात दूध आटवावे आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला घरी पोहोचावे, असा सर्वांचा बेत असतो. त्या बेतात चिखल कोणी धरलेला नसतो. परतीचा पाऊस ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाटासह कोसळतो आणि गर्द सावलीतली तांबडी माती त्यानंतर कित्येक दिवस वाळत नाही. चांदणे म्हणाल तर ते सड्यावर गेल्यावर दिसते. रानातून चढताना पौर्णिमा काय आणि अमावास्या काय, सारखीच.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे वाटेत गट तुटू देणे. काही वर्षांपूर्वी आम्ही चौदा जण गावातला एक वाटाड्या घेऊन निघालो होतो. चढाईला दुपारी अडीचला सुरुवात करायची असे ठरले होते. परंतु वाळपईला भाजीपाव आणि चहा यांत वेळ गेला, मीही तो जाऊ दिला, आणि पायथा सोडायला पावणेपाच वाजले. ऑक्टोबरच्या अखेरीस गोव्यात सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो आणि झाडीत त्याच्याही आधी अंधारते. उशीर भरून काढण्याच्या नादात नियमित धावण्याचा सराव असलेले तीन तरुण पुढे निघून गेले. एका जागी माणसांची अरुंद वाट मुळांवरून डावीकडे चढत होती आणि समोर मात्र रुंद, सपाट, मळलेली वाट दिसत होती. ती गव्यांची होती. गव्याला सड्यावर जायचे नसते, पाण्यावर जायचे असते, हे त्या तिघांना ठाऊक नव्हते.

पुढच्या ओहोळाशी मोजणी केली तेव्हा आम्ही अकराच भरलो. शिट्ट्या वाजवल्या, परंतु पाण्याच्या आवाजात त्या विरून गेल्या. मोबाईलला तर पायथ्यापासूनच रेंज नव्हती. वाटाड्याने मागे जाऊन गव्यांच्या खुरांच्या पाण्याने भरलेल्या ठशांवर उमटलेले बुटांचे ताजे ठसे शोधले आणि दोन तासांनी तिघेही खालच्या घळीत सापडले. एकाचा घोटा मुरगळून सुजला होता आणि तिघांत मिळून एका मोबाईलची बॅटरी शिल्लक होती. डोक्यावर पूर्ण चंद्र असूनही त्या रात्री तो आमच्यापैकी कोणी धड पाहिला नाही. मुक्काम गावातल्या देवळाच्या सभामंडपात झाला.

तेव्हापासून माझा नेम ठरलेला आहे. वाटाड्याच्या लगेच मागे गटातला सर्वांत सावकाश चालणारा माणूस असतो आणि शेवटी असा अनुभवी माणूस, जो कोणालाही मागे टाकत नाही. प्रत्येक ओहोळाशी आणि प्रत्येक फाट्यावर सर्वांनी थांबून आपापला क्रमांक मोठ्याने म्हणायचा. याला शाळेची सहल म्हणून हसणारे असतात. त्यांनी खुशाल हसावे, पण रांगेतच राहावे. चार वाजून गेले तर मी चढाई सुरू करीत नाही.

दुसरी माझी लाडकी चूक बुटांची. खास ट्रेकसाठी घेतलेले महागडे जलरोधक बूट ओहोळात वरून पाणी शिरले की आत तळे धरून ठेवतात. वर्षभर कपाटात पडलेल्या बुटांची गत त्याहून वाईट, कारण आपल्या दमट हवेत तळव्यातला पॉलियुरेथेनचा थर नुसता ठेवल्या जागी भुसभुशीत होतो आणि नेमका उतारावर सुटून येतो. असा तळवा मी सुतळीने बांधून एकाला खाली आणलेला आहे. फुटबॉलचे स्टड घालून येणारी मुले चिखलावर ऐटीत चालतात आणि शेवाळलेल्या खडकावर पहिल्याच पावलाला आपटतात. खोल खाचांचा रबरी तळवा असलेले, पाणी जसे शिरते तसे निघूनही जाईल असे कापडी बूट मला सर्वांत सोयीचे वाटतात. मात्र निघण्याआधी ते आठवडाभर घालून हिंडावे.

पाय घसरल्यावर हाताशी येईल ती फांदी धरणे टाळावे, कारण विषारी चापडा साप रात्री अशाच खालच्या फांद्यांवर निश्चल बसलेला असतो. तोल सांभाळायला काठी बरी. धुक्यात कपाळावरच्या टॉर्चचा उजेड डोळ्यांवरच परत येतो, म्हणून टॉर्च हातात कमरेजवळ धरावा. जीन्स घालून येऊ नये. सड्यावर मातीचा थर जेमतेम असल्याने तंबूच्या खुंट्या खालच्या जांभ्या खडकात शिरत नाहीत. दोऱ्यांना दगड बांधावेत, आणि गडगडू लागले तर उघड्या सड्यावर तंबू न लावता खाली उतरावे. जळू ओढून काढू नये. नखाने तिचे तोंड बाजूला सरकवावे आणि जखम धुऊन दाबून धरावी. तिच्या लाळेमुळे रक्त काही वेळ वाहते, त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही.

परवानगीबाबत पळवाटा शोधणाऱ्यांविषयी मला सहानुभूती नाही. सत्तरीचा मोठा भाग १९९९ साली घोषित झालेल्या म्हादई अभयारण्यात येतो. तिथे वनखात्याच्या परवानगीवाचून शिरणे हा गुन्हा आहे, मग मुक्काम तर दूरच. गावातला वाटाड्याही चार पैसे वाचवण्यासाठी गाळू नये. मोबाईलवरच्या नकाशात गव्यांच्या वाटा वेगळ्या रंगात दाखवलेल्या नसतात.

सकाळी उतरण्याची घाई करणारे बहुतेकदा चहा न पिताच निघतात. चढताना वाचलेले लोक उतरताना पडलेले मी अधिक पाहिले आहेत, कारण रात्रीच्या दवाने वाट पुन्हा ओली झालेली असते आणि पाय आदल्या दिवसाचे थकलेले असतात. मी चहा, नाश्ता सावकाश उरकून आठनंतर निघतो, तीव्र उतारावर आडवी पावले टाकतो आणि पुढचा माणूस खालच्या वळणाशी थांबल्याशिवाय मागच्याला सोडीत नाही. दुपारचे जेवण घरी होईल, असे मी कोणालाही कबूल करीत नाही.